कोणतं पेडगाव? इंग्रजी विशेषणं शिकताना राहून गेलेल्या गोष्टी

माझं गाव पेडगाव. हे वाक्य मी ज्या ज्या शहरी माणसासमोर उच्चारलंय, त्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच हसू आलंय. 'म्हणजे वेड पांघरून जातात, ते का?' मग मी सांगतो, ते नव्हे. म्हणीशी ज्याची गोष्ट जोडतात ते श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेकाठचं, बहादूरगडाचं पेडगाव. आमचं परभणीचं. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आमचं छोटं स्टेशन आहे. बहुतेक गाड्या तिथं न थांबता जातात आणि म्हणी तर त्याहून वेगानं.

विशेषण म्हणजे काय, हे मला शाळेत नीट कळलं नाही. या प्रश्नामुळे कळलं. 'पेडगाव' हे विशेषनाम. विशेषनाम म्हणजे एकाच वस्तूचं नाव, असं पुस्तक सांगतं. पण इथं तर तेच नाव दोन गावांना. मग 'परभणीचं' हा शब्द येतो आणि एक गाव बाजूला काढून ठेवतो. तो माझ्या गावाला सजवत नाही की त्याची स्तुतीही करत नाही. फक्त गर्दीतून हात धरून बाहेर आणतो. विशेषणाचं पहिलं काम हेच असतं. दहावीपर्यंत आम्ही इंग्रजी विशेषणांवर शेकडो वाक्यं सोडवली, त्यात हे काम एकदाही कुणी दाखवलं नाही.

हा लेख त्या शिकवण्याबद्दल आहे. सरांबद्दल नाही. आमचे सर जीव तोडून शिकवायचे, पण त्यांच्या हातात जी पुस्तकं होती आणि त्या पुस्तकांमागे जो विचार होता, त्याची एकदा झाडाझडती घ्यायला हवी. कारण आपल्यापैकी बरेच जण अजून तीच पुस्तकं पीडीएफमध्ये वाचून स्पर्धा परीक्षा देत आहेत.

जोडणारं की तोडणारं?

आधी नावं बघू. इंग्रजीतला 'अ‍ॅडजेक्टिव्ह' लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ 'शेजारी टाकलेलं, जोडलेलं'. आपला 'विशेषण' शब्द संस्कृतातल्या 'वि' आणि 'शिष्' यांच्यापासून आला. त्याचा अर्थ वेगळं काढणं, इतरांपासून निराळं करणं. एकाच गोष्टीला दोन परंपरांनी दिलेली ही नावं जवळजवळ उलट्या दिशेची आहेत. एक म्हणतं, नामात भर घाला. दुसरं म्हणतं, नामाला गर्दीतून वेगळं काढा.

व्याख्यांतही तोच फरक दिसतो. मराठी व्याकरणाची शालेय पुस्तकं सांगतात की विशेषण नामाची व्याप्ती मर्यादित करतं. इंग्रजीची आपल्याकडे चालणारी पुस्तकं सांगतात की विशेषण नामाच्या अर्थात भर घालतं. आम्ही दोन्ही व्याख्या पाठ केल्या. एक मराठीच्या तासाला, एक इंग्रजीच्या तासाला. दोन्ही तासांच्या मध्ये दहा मिनिटांची सुट्टी असायची आणि त्या सुट्टीत या दोन व्याख्यांची गाठ कधी पडली नाही.

गाठ घालून बघा. 'जमीन' म्हणालात तर सगळ्या जगातली जमीन आली. 'काळी जमीन' म्हणालात तर मुरमाड वगळली गेली. 'काळी भारी जमीन' म्हणालात तर उथळ, हलकी गेली. 'काळी भारी कोरडवाहू जमीन' म्हणालात तर विहिरीखालची बागायतही गेली. शब्द वाढत गेले आणि जमीन कमी होत गेली. आमच्याकडे सोयरीक जुळवताना किंवा सौदा करताना लोक विशेषणं अशी वापरतात. एकेका शब्दावर भाव बदलतो. इथं मराठी व्याख्या अगदी खरी ठरते.

पण 'हिरवागार सह्याद्री' म्हणा. सह्याद्री एकच आहे. कोरडा सह्याद्री वगळायचा म्हणून आपण 'हिरवागार' म्हणत नाही. इथं विशेषण काही कमी करत नाही, भर घालतं. इथं इंग्रजी व्याख्या खरी ठरते. म्हणजे विशेषणाची दोन कामं आहेत, निवडणं आणि सांगणं. प्रत्येक पुस्तकानं अर्धं काम दिलं, आणि आपण दोन अर्ध्यांची बेरीज केली नाही.

आता आपल्याला वाटतं की 'विशेषण' ही शब्दजात आभाळातून पडली. तसं नाही. पाणिनीच्या परंपरेत नाम आणि विशेषण असे दोन वेगळे वर्ग नाहीत. जुन्या लॅटिन व्याकरणातही विशेषण हा नामाचाच एक प्रकार मानला जायचा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 मध्ये आलं, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 मध्ये. या प्रवासात आठ शब्दजातींची जी मांडणी आपल्याकडे रुजली, तिचं वळण इंग्रजी व्याकरणाचं होतं. त्यामुळे आपण जेव्हा 'मराठी व्याकरण सोपं, इंग्रजी अवघड' म्हणतो, तेव्हा दोन्हींचा साचा बराचसा एकच आहे हे विसरतो. अवघड वाटतं ते साच्यामुळे नाही. साचा कुठं बसत नाही हे कुणी सांगत नाही, म्हणून.

'द' हे विशेषण नाही

पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचं इंग्रजी व्याकरण 1935 च्या सुमाराचं. भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी ते लिहिलं गेलं असं सांगतात. ज्या मुलांच्या घरात इंग्रजी बोललं जात होतं, त्यांना नियमांची नावं शिकवायची होती. ज्या घरात ते बोललं जात नाही, तिथं आज तेच पुस्तक भाषा शिकवायला वापरलं जातं. पुस्तकाचा यात दोष नाही. पण पोहता येणाऱ्याला दिलेला पोहण्याचा नियम बुडणाऱ्याच्या कामाचा नसतो, एवढं लक्षात घ्यायला हवं.

या पुस्तकाच्या परंपरेत 'धिस', 'दॅट', 'सम', 'मेनी', 'एव्हरी', 'व्हिच' ही सगळी विशेषणं आहेत. प्रकारांची लांब यादी आहे आणि ती पाठ करावी लागते. 1985 साली आलेलं क्वर्क आणि सहकाऱ्यांचं मोठं व्याकरण आणि 2002 चं हडलस्टन-पुलम यांचं केंब्रिज व्याकरण, दोन्हींनी 'द', 'ए', 'धिस', 'एव्हरी' असे शब्द विशेषणांतून काढून वेगळ्या गटात ठेवले. या गटाला 'डिटर्मिनर' म्हणतात. मराठीत 'निर्धारक' म्हणू.

यानं काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. बिघडतं. 'ब्यूटिफुल' हे विशेषण वाक्यातून काढलं तरी वाक्य उभं राहतं. 'आय सॉ ए ब्यूटिफुल हाउस', 'आय सॉ ए हाउस', दोन्ही चालतं. पण 'ए' काढलं की वाक्य पडतं. इंग्रजीत मोजता येणारं एकवचनी नाम निर्धारकाशिवाय सहसा उघडं फिरत नाही. मराठीत फिरतं. 'मी सुंदर घर पाहिलं' हे आपल्याकडे पूर्ण वाक्य आहे. त्यामुळे आपला मुलगा 'आय सॉ ब्यूटिफुल हाउस' म्हणतो. त्याला वाटतं, 'ए' हेही विशेषणच, म्हणजे भर, म्हणजे नसलं तरी चालेल. वर्गीकरणातली एक जुनी गल्लत त्याच्या जिभेवर अशी येऊन बसते. 'आर्टिकल विसरू नकोस' असं त्याला हजारदा सांगितलं जातं. तो शब्द आधाराचा खांब आहे, शोभेचा नाही, हे एकदाही सांगितलं जात नाही.

जगात जर्मनी

परभणीबद्दल एक वाक्य सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे: 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. या वाक्यात किती विशेषणं आहेत? एकही नाही. क्रियापदही नाही. तरी हे सुपरलेटिव्ह आहे, आणि त्यात सुपरलेटिव्हची चेष्टाही आहे. कशात पहिला नंबर, ते सांगितलेलंच नाही. ज्याचं त्यानं भरायचं.

हे वाक्य मला 'चेंज द डिग्री' सोडवताना नेहमी आठवायचं. तुम्हालाही तो प्रश्न आठवत असेल. 'गोल्ड इज द कॉस्टलिएस्ट मेटल' दिलं की 'नो अदर मेटल इज अ‍ॅज कॉस्टली अ‍ॅज गोल्ड' लिहायचं. 'वन ऑफ द' दिसलं की 'व्हेरी फ्यू' लिहायचं. आमच्या वहीत या प्रश्नाचे तीन साचे चौकटीत आखलेले होते. साचा ओळखा, शब्द भरा, गुण घ्या. मी पूर्ण गुण घेत होतो आणि मला इंग्रजीत एका वस्तूची दुसरीशी तुलना करता येत नव्हती.

हा खेळ वाईट नाही. 'व्हेरी फ्यू'चा साचा तर तर्काचा चांगला व्यायाम आहे. पण तो मराठी मुलाची खरी अडचण ओलांडून पुढं जातो. खरी अडचण अशी की मराठीत तुलनेसाठी विशेषणाचं रूप बदलत नाही. 'राम उंच आहे', 'राम श्यामपेक्षा उंच आहे', 'राम सगळ्यांत उंच आहे'. तिन्ही ठिकाणी 'उंच' तसाच. तुलनेचं सगळं ओझं 'पेक्षा' आणि 'सगळ्यांत' उचलतात. इंग्रजीत मात्र ओझं दोघांनी वाटून घेतलंय. 'दॅन' हवाच, शिवाय विशेषणालाही शेपूट हवं: 'टॉलर'. आणि शब्द लांब असेल तर शेपटाऐवजी आधी 'मोअर'. आपल्या कानाला 'जास्त चांगला' ओळखीचं असतं. म्हणून 'मोअर बेटर' तोंडातून जातं. तो मुलगा ढ नसतो. तो मराठीचा नियम इमानदारीनं पाळत असतो. त्याला फक्त सांगायचं की इंग्रजीत एका विशेषणाला एकच शिंग असतं, 'मोअर' तरी लाव नाही तर शेपूट तरी.

'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर' यांच्यापुढं 'दॅन' ऐवजी 'टू' का येतं, हा परीक्षेतला आवडता प्रश्न. कारण एका वाक्यात सांगता येतं: हे शब्द लॅटिनमधून तुलनेच्या रूपातच तयार होऊन आले, इंग्रजीच्या साच्यात घडले नाहीत. एवढं कळलं की यादी पाठ करावी लागत नाही.

आणि ज्या डिग्रीला इंग्रजी पुस्तकात जागाच नाही, ती आपल्याकडे आहे. शहाणा, अतिशहाणा, दीडशहाणा. शहाणपण वाढत जातं आणि मूल्य घसरत जातं. दीडशहाण्याचं इंग्रजी करायला सांगा. आधी तर 'दीड' या शब्दालाच तिथं एक शब्द नाही. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, ही आपली संख्याविशेषणं बाजारात रोज चालतात, आणि इंग्रजीत जाताना प्रत्येकाचं वाक्यांशात रूपांतर होतं. तुलना शिकवायची तर ती अशी दोन्ही बाजूंनी शिकवावी. मग मुलाला कळतं की इंग्रजीत आपल्याला काही येत नाही एवढंच खरं नाही, इंग्रजीलाही काही येत नाही.

मी कंटाळवाणा आहे

आता सगळ्यांत महत्त्वाची चूक. पुण्यात एका नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, मोकळ्या वेळात काय करता? मी म्हणालो, वाचतो, कारण गावात 'आय अ‍ॅम व्हेरी बोअरिंग'. समोरचे दोघं हसले, वाईट मनानं नव्हे. एक जण म्हणाला, 'नाही हो, तुम्ही तसे वाटत नाही.' मला विनोद कळला तो परतीच्या गाडीत, परभणी जवळ आल्यावर.

नियम सोपा आहे. 'इंग' लागलेलं विशेषण भावना देणाऱ्याचं, 'एड' लागलेलं भावना झालेल्याचं. पिक्चर 'बोअरिंग', मी 'बोअर्ड'. बातमी 'शॉकिंग', आई 'शॉक्ड'. हे दोन ओळींत सांगता येतं आणि पुस्तकं सांगतातही. तरी चूक होत राहते. का?

कारण मराठीत आपण तिथं विशेषण वापरतच नाही. आपण म्हणतो, मला कंटाळा आला. मला भूक लागली. मला राग आला. मला आनंद झाला. मला भीती वाटते. भावना हे नाम आहे. ती कुठून तरी येते, मला लागते, काही वेळ बसते आणि निघून जाते. मी वाक्याचा कर्ता नाही, मी ठिकाण आहे. इंग्रजी म्हणते, आय अ‍ॅम हंग्री, आय अ‍ॅम अँग्री, आय अ‍ॅम हॅपी, आय अ‍ॅम अफ्रेड. तिथं भावना हे माझं विशेषण होतं. मी आणि राग यांच्यामध्ये फक्त 'अ‍ॅम' उरतं.

यावरून इंग्रज रागीट आणि मराठी माणूस थंड असा निष्कर्ष काढू नका. भाषेच्या रचनेवरून माणसाचा स्वभाव ठरवणं हा दीडशहाणपणाच होईल. मुद्दा शिकण्याचा आहे. मराठी मुलाला 'अँग्री'चा अर्थ 'रागावलेला' असा एका शब्दात दिला जातो. पण त्याच्या रोजच्या बोलण्यात 'मी रागावलेला आहे' हे वाक्य क्वचितच असतं, 'मला राग आला' असतं. म्हणजे शब्दाला शब्द दिला, वाक्याला वाक्य दिलं नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची आजोबा लोक अजून आठवण काढतात, त्याचं एक कारण हे असावं. त्या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत, तिनं बोलणं शिकवलं नाही. पण ती मराठी वाक्यापासून निघायची आणि इंग्रजी वाक्यापर्यंत पोचायची. आजची गाइडं इंग्रजी शब्दापासून निघतात आणि मराठी शब्दावर थांबतात.

'एड'च्या मागे कोण उभं आहे?

'एड' लागलेल्या विशेषणाला एक प्रश्न विचारता येतो: हे कुणी केलं? 'ब्रोकन विंडो' म्हटलं की कुणी फोडली, हा प्रश्न आत दडलेला असतो. मराठीत आणि संस्कृतात ही धातुसाधित विशेषणं भरपूर आहेत: पीडित, शोषित, वंचित, उपेक्षित. पुस्तक त्यांना गुणविशेषणाच्या रांगेत 'सुंदर' आणि 'उंच' यांच्याशेजारी बसवून मोकळं होतं. पण 'उंच' हा गुण आहे, 'वंचित' ही केलेली कृती आहे.

हा फरक ज्यांनी फार बारकाईनं वापरला, त्यांची नावं व्याकरणाच्या पुस्तकात येत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1924 मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' काढली आणि 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक. 'बहिष्कृत' म्हणजे ज्याच्यावर बहिष्कार घातला गेला तो. त्या काळात सरकारी इंग्रजीत 'डिप्रेस्ड क्लासेस' हा शब्द चालत होता. त्यातही 'एड' आहे, पण रोजच्या वापरानं त्याच्या मागचा 'कुणी' पुसट झाला होता. 'बहिष्कृत'मध्ये तो पुसता येत नाही. पुढं 1935 च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आलं. 'शेड्यूल्ड' म्हणजे फक्त यादीत घातलेल्या. आता प्रश्न यादी कुणी केली एवढाच राहिला, अन्याय कुणी केला हा विशेषणातून गेला. 'दलित' म्हणजे दळलेला, चिरडलेला. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा त्या विशेषणानं तो प्रश्न पुन्हा मोठ्यानं विचारला.

आणि 1956 मध्ये बाबासाहेबांच्या पत्राचं नाव 'प्रबुद्ध भारत' झालं. नाम तेच, भारत. विशेषण बदललं. 'प्रबुद्ध' हेही धातुसाधितच, जागा झालेला. पण इथं 'कुणी केलं?' विचारलं तर उत्तर स्वतःकडेच येतं. 'बहिष्कृत'पासून 'प्रबुद्ध'पर्यंतचा एकोणतीस वर्षांचा प्रवास दोन विशेषणांत मावतो. इंग्रजीतले पार्टिसिपल शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला दिसत नाही. आम्हाला मात्र फुटलेल्या काचा आणि थकलेले शेतकरी यांच्यावर शिकवलं.

आमच्या भागाला चिकटलेलं विशेषण वेगळं आहे: 'मागास'. त्यात 'एड' नाही. म्हणजे कुणी ठेवलं हा प्रश्नच नाही, जणू तो काळ्या जमिनीसारखा आमचा गुण. 1984 मध्ये प्रादेशिक असमतोलावर वि. म. दांडेकर समितीचा अहवाल आला आणि 'अनुशेष' हा शब्द चर्चेच्या मध्यभागी आला. अनुशेष हे नाम आहे. तो मोजता येतो, आणि मोजता येतो म्हणून भरून काढायची मागणी करता येते. 'मागास' भरून काढता येत नाही, ते नुसतं अंगावर वागवावं लागतं. मला राग आला आणि मी रागीट, यांत जो फरक, तोच इथंही. मुलाखतीत 'फ्रॉम ए बॅकवर्ड एरिया' असं स्वतःच म्हणून मोकळे होणाऱ्या मित्रांना मला हे एकदा सांगायचंय.

काळी, पांढरी आणि रांगेचा नियम

विशेषणांची रांग हाही एक दुर्लक्षित विषय. मराठीत आजोबांचा पलंग 'जुना मोठा लाकडी' असो की 'मोठा जुना लाकडी', कुणाच्या कानाला टोचत नाही. इंग्रजीत 'बिग ओल्ड वुडन' म्हणावं लागतं, 'ओल्ड बिग वुडन' खटकतं. क्रम साधारण असा: मत, आकारमान, वय, घडण, रंग, मूळ ठिकाण, कशापासून बनलं, कशासाठी. मार्क फॉर्सिथ या लेखकानं 2013 च्या आपल्या पुस्तकात हे लिहिलं आणि काही वर्षांनी तो परिच्छेद इंटरनेटवर इतका फिरला की जन्मापासून इंग्रजी बोलणारेही थक्क झाले. नियम ते पाळत होते, पण तो नियम आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही यादी पाठ करू नका. एवढंच धरा: माझं मत नामापासून लांब, वस्तूचा मूळ धर्म नामाला चिकटून. 'लव्हली' आधी, 'वुडन' शेवटी.

विशेषण नामाला इतकं चिकटतं की कधी नामच गळून पडतं. आमच्याकडे 'काळी' म्हणजे शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण. 'काळी' म्हटल्यावर 'काळी काय?' असं कुणी विचारत नाही. इंग्रजीत 'द रिच', 'द पूअर' असंच होतं, पण तिथं साधारण सगळा गट घ्यावा लागतो. एका गरिबाला 'ए पूअर' म्हणता येत नाही. आपण 'धाकटी आली का?' असं एकटीबद्दल सहज विचारतो. म्हणून 'ए पूअर केम टू माय हाउस' ही चूक मराठी मुलांकडून होते.

पुन्हा आपली रंगीत जोडकामं घ्या: लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र. प्रत्येक रंगाचा जोडीदार ठरलेला. 'लालगार' चालत नाही, 'हिरवाकुट्ट' चालत नाही. विहिरीचं पाणी 'मचूळ' असतं, भाकरी 'मऊसूत', माती 'भुसभुशीत'. इंग्रजी निबंधात आमची सगळी मुलं हे सगळं सोडून 'नाइस', 'गुड' आणि 'व्हेरी' या तीन शब्दांवर येऊन थांबतात. त्यांच्याकडे बघणारा डोळा नाही असं नव्हे. तो डोळा मराठी बोलतो, आणि त्याला इंग्रजीच्या तासाला वर्गाबाहेर उभं केलेलं असतं.

फाट्यावरचा फ्लेक्स

शेवटी वापराबद्दल. फाट्यावरच्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या माणसाला कार्यसम्राट, धडाडीचे, लोकप्रिय, दमदार अशी चार विशेषणं असतात. पुढच्या महिन्यात माणूस बदलतो, विशेषणं तीच. आता मराठी व्याख्या लावा. जे सगळ्यांना लागतं, ते व्याप्ती मर्यादित करत नाही. म्हणजे ते विशेषणच नव्हे, नुसता रंग. आपल्या बायोडेटातलं 'हार्डवर्किंग, ऑनेस्ट, पंक्च्युअल' हा त्याच फ्लेक्सचा इंग्रजी नमुना आहे. माझ्या आधी मुलाखतीला गेलेल्या मुलांनीही तेच लिहिलं होतं.

त्यामुळे इंग्रजी लिहिताना मी आता एकच तपासणी करतो. हे विशेषण काढलं तर काय हरवतं? काहीच नाही, तर काढायचं. 'हार्डवर्किंग' काढलं आणि 'तीन वर्षं रोज पेडगावहून परभणीला अपडाऊन करून पदवी पूर्ण केली' असं लिहिलं. त्यात एकही बढाई नाही, आणि ते दुसऱ्या कुणाला चिकटवता येत नाही.

व्याकरण शिकवणाऱ्यांकडून माझी अपेक्षाही एवढीच आहे. प्रकारांची यादी अर्ध्यावर आणा. 'द' आणि 'ए' यांना वेगळं बसवा. 'बोअर्ड' शिकवायच्या आधी 'मला कंटाळा आला' फळ्यावर लिहा. मुलाच्या चुकीत मराठीचा कोणता नियम काम करतोय, तो त्याला दाखवा. मग तो चूक लपवणार नाही.

कारण लपवणं आम्हाला चांगलं येतं. इंग्रजीच्या तासाला, बँकेत, मुलाखतीत, कळलं नाही तरी मान हलवायची. वेड पांघरायचं. या म्हणीत एक गोष्ट मला आता दिसते. आपली भाषा 'वेडा होऊन' म्हणत नाही, 'वेड पांघरून' म्हणते. वेड हे इथं विशेषण नाही, नाम आहे, आणि पांघरलेलं आहे. म्हणजे ते काढून, घडी घालून बाजूला ठेवता येतं. 'वीक इन इंग्लिश' हे विशेषण आमच्यापैकी अनेकांना शाळेत मिळालं. तेही तसंच काढून ठेवता यावं.

गाव पेडगाव. परभणीचं.